सुरूंचा आडोसा

काकांचं सलून बंद पडलं ते एका अर्ध्या दाढीवर. गिऱ्हाईक मान मागे टाकून खुर्चीत बसलेलं, एक गाल साफ, दुसऱ्यावर फेस, आणि काका वस्तरा पुसून पेटीत ठेवून सरळ घरी निघून आले. काकू मागच्या खोलीत, एका लॉजच्या धुवायला घेतलेल्या चादरींना इस्त्री करत होत्या.

"आज लवकर?"

"संपलं काम," काका म्हणाले आणि पांढरा कोट न काढताच पलंगावर आडवे झाले.

थोड्या वेळानं गिऱ्हाईक वाळलेल्या फेसासकट दारात येऊन उभं राहिलं. "काकू, उरलेली दाढी घरपोच मिळते का?"

गल्लीभर हशा पिकला. काकूही हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पुढे कधीतरी त्यांना वाटलं, त्या हसण्याच्या गडबडीतच कुणीतरी घरात शिरलं आणि आपण त्याला बसायला पाट दिला.

डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी फारसं काही होणार नाही हेही सांगितलं. काकांच्या डोक्यातून आधी रस्ते गेले, मग वार, मग माणसं. काकू सगळ्यांत शेवटी गेल्या. "बाई, हे पुरुषांचं सलून आहे," असं ते एका सकाळी चहाचा कप हातात घेताना त्यांना म्हणाले, अगदी अदबीनं. हात मात्र विसरले नव्हते. बसल्या जागी बोटं चालत राहायची. हवेत, मांडीवर, उशीच्या अभ्र्यावर.

घरात त्यांचा जीव घुसमटायचा. दार लावलं की ते दारावर कपाळ आपटायचे. परसात खुर्ची टाकली की शांत. परस म्हणजे धुण्याचा दगड, दोऱ्या, आणि त्यापुढे मातीचा लांबोडका तुकडा. कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे पूर्वी मोकळी जागा होती, तिथं आता तीन मजली इमारत उभी राहिलेली. तिच्या सगळ्या बाल्कन्या नाट्यगृहातल्यासारख्या परसाकडे तोंड करून होत्या.

एका दुपारी काकांनी अंगावरचे कपडे एकेक करून काढले, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवले आणि उन्हात उभे राहिले. काकू आत लॉजवाल्याशी फोनवर बोलत होत्या. बाहेर आल्या तेव्हा वर पोरांचा घोळका जमला होता आणि एकाच्या हातात मोबाइल होता. काकूंनी हाताला लागली ती ओली चादर ओढली आणि काकांना गुंडाळली. चादर थंडगार होती. काका किंचाळले. वरून टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात मुलगा आला. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. बूट न काढताच तो स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला.

"आई, ऑफिसात एकानं मला व्हिडिओ दाखवला. त्याला काय माहीत हे कोण आहेत. सगळे हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर कळलं असतं ना त्यांना."

काकूंनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"एक जागा बघून ठेवलीय मी त्यांना ठेवायला. शहराबाहेर आहे, स्वच्छ आहे. माणसं बरी वाटली."

"मी मेलेली नाही अजून."

"तू इस्त्री करणार, का त्यांच्यामागे चादर घेऊन धावणार?"

"आडोसा करते काहीतरी."

"भिंत वाढवायला परवानगी मिळत नाही. पत्रे लावलेस, तर ते दिवसभर पत्रे बडवत बसले. आता काय तटबंदी बांधणार?"

"झाडं लावते."

मुलगा हसला. ऑफिसात तो कसा हसला असेल ते काकूंना दिसलं.

"माझं ऐक," त्या म्हणाल्या. "पुन्हा जर ते तसे कुणाच्या नजरेला पडले, तर घेऊन जा. मी आडवी येणार नाही. पण तोवर नाही."

मुलगा पाणी प्यायला आणि पेला विसळून, पालथा घालून निघून गेला. बोलणं मान्य असलं की तो लहानपणापासून असंच करायचा.

नर्सरी हमरस्त्याच्या कडेला होती. चालवणारी बाई काकूंच्याच वयाची, घोगऱ्या आवाजाची, नखांत माती. काकूंनी तिला काय हवं ते सांगितलं. का हवं ते नाही सांगितलं.

"पटकन उंच होणारं, बारमाही हिरवं आणि जागा कमी खाणारं," नर्सरीवाली म्हणाली. "बाई, असा तर नवराही मिळत नाही."

तिनं आधी बांबू दाखवला. "हा धावतो, पण जमिनीखालूनही धावतो. दोन वर्षांत शेजाऱ्याच्या फरशीतून डोकं काढील, मग भांडत बसा." मग मोरपंखी. छान दाट, पण पोटानं सुटणारी. लांबोडक्या तुकड्यात ती मावली असती आणि खुर्ची बाहेर राहिली असती. शेवटी ती काकूंना मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं सुरू उभे होते, काडेपेटीतल्या काड्यांसारखे ताठ.

"हा वर जातो. आजूबाजूला बघत नाही. ऊन पाहिजे, पाण्यात पाय बुडलेले चालत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं."

तिथं दोन प्रकारचे होते. एका बाजूला कुंड्यांतले दीड पुरुष उंचीचे, दुसऱ्या बाजूला कमरेलाही न लागणारे. काकूंनी उंचांवर हात ठेवला.

"हे नेऊ नका," नर्सरीवाली म्हणाली.

"मला वेळ नाही."

"सगळे हेच म्हणतात." तिनं एक कुंडी आडवी केली, थापटली, आणि झाड बाहेर ओढलं. आत माती जवळजवळ नव्हतीच. मुळंच मुळं, एकमेकांभोवती गरागरा फिरलेली, कुंडीचा आकार घेऊन बसलेली. "बघा. याला आता मोकळ्या जमिनीत लावलं तरी हे गोलच फिरणार. बाहेर जागा आहे हे त्याला कळतच नाही. वर हिरवं दिसेल एखादं वर्ष, मग सुकायला लागेल. लहान घ्या. लहान लवकर रुजतं आणि मोठ्याला मागं टाकतं."

काकूंनी त्या मुळांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी लहान रोपं घेतली.

"पहिल्या वर्षी ते पाहुण्यासारखं राहील," नर्सरीवाली रोपं टेम्पोत चढवताना म्हणाली, "दुसऱ्या वर्षी जावयासारखं. तिसऱ्या वर्षापासून घर त्याचंच."

"आणि छाटणी?"

"जरुरी नाही. केलीच तर वरवर. हिरव्याच्या आत कातर घालायची नाही."

काकूंनी धुण्याची दोरी भिंतीलगत ताणून रेघ सरळ केली आणि दोन-दोन हातांवर खड्डे घेतले. रोप कुंडीत जेवढं खोल होतं तेवढंच जमिनीत. बुंध्याचा गळा मातीत पुरायचा नाही. साबणाचं पाणी घालायचं नाही. शेवटच्या विसळणीचं चालेल. रोज शिंपडायचं नाही. मधे दिवस सोडून पोटभर पाजायचं, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली उतरतात. लावून झाल्यावर ओळ इतकी किरकोळ दिसत होती, की पहिल्या मजल्यावरची बाई वरून म्हणाली, "काकू, कोथिंबीर लावली का?"

"हो," काकू म्हणाल्या. "वाटीभर लागली तर सांगा."

झाडं वाढेपर्यंत आडोसा चादरींचा. लॉजच्या चादरी वाळत घालायच्याच होत्या; त्या आता भिंतीलगतच्या दोरीवर पडू लागल्या. वारा सुटला की चादरी अंगावर यायच्या आणि काका घाबरून हात वर करायचे. मग काकू धावत जाऊन चिमटे घट्ट करायच्या. रात्री उशिरापर्यंत इस्त्री. लॉजवाला म्हणायचा, "काकू, चादरींना लिंबाच्या पाल्यासारखा वास येतो हल्ली." तो सुरूचा वास होता, रोपं हाताळल्यावर बोटांना लागणारा. ती दोन वर्षं काकूंनी अशी काढली, एक डोळा चादरीवर आणि एक काकांवर ठेवून. काका तसे पुन्हा उभे राहिले, नाही असं नाही. पण दर वेळी मधे एखादी चादर होती.

तिसऱ्या वर्षी सुरूंनी एकमेकांचे खांदे धरले. आधी भिंत दिसेनाशी झाली, मग पहिल्या मजल्याच्या कठड्याचे गज. खुर्ची ओळीला अगदी चिकटवून ठेवली, की वरच्या मजल्यांची नजर शेंड्यांवरून घसरून धुण्याच्या दगडावर पडायची. खुर्चीपर्यंत यायची नाही. काकूंनी तिन्ही मजल्यांवर जाऊन, पाणी मागायच्या निमित्तानं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतलं. त्या दिवशी त्यांनी चादरी मुद्दाम दुसऱ्या बाजूला वाळत घातल्या. मुलाला फोन करून म्हणाल्या, "ये एकदा बघायला." तो आला, ओळीपुढे उभा राहिला, आणि म्हणाला, "मानलं तुला." मग बूट काढून जेवायला बसला.

आता काहीही बिनसायचं नव्हतं, आणि काका विझत चालले होते. खुर्चीत बसायचे, पण समोर हिरवं सोडून काही नव्हतं. घास तोंडात तसाच राहायचा. बोटांची हालचाल थांबत आली. आधी चादरींच्या फटींतून भिंतीपलीकडची डोकी दिसायची, येणारी-जाणारी, आणि ते मान वळवून एकेकाचे केस बघायचे. काकूंना ते तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी फक्त वर बघणारी तोंडं मोजली होती. खालून बघणारे डोळे हिशेबात धरलेच नव्हते.

एका सकाळी काका उठून एका सुरूपुढे उभे राहिले. तळवा त्याच्यावरून वर-खाली फिरवला, उलटा, केसांच्या विरुद्ध दिशेनं, आणि डोकं कलतं करून विचारलं, "मागून जरा कमी करू?"

काकू कपड्यांचा पिळा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा कुणाशी बोलले होते.

"करा," त्या झाडाच्या वतीनं म्हणाल्या.

त्यांनी आतून काकांची जुनी कात्री आणून दिली. काकांनी ती बोटांत घातली, हवेत दोनदा कचकचवली, आणि कामाला लागले. कंगव्याऐवजी डाव्या हाताची बोटं. हिरवी पिसं खांद्यांवर, मातीवर पडत होती. मधेच मागे सरून ते दोन्ही बाजू जुळतात का बघायचे. "मान हलवू नका," ते सुरूला म्हणाले, कारण वारा होता. काम झाल्यावर टॉवेलनं त्यांनी झाड झटकलं. "पुढचे!"

त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि आपणहून आडवे झाले. काकूंनी ट्रंकेतून पांढरा कोट काढला, इस्त्री केली. दुसऱ्या दिवशी तो अंगावर चढताच काकांची पाठ सरळ झाली. दिवसभर त्यांनी एकही बटण काढलं नाही.

गिऱ्हाईक कटिंग करून निघून जातं. हे जात नव्हतं. त्यामुळे काका त्याच त्या माणसाला रोज पुन्हा बसवायचे, आणि रोज थोडं आत जायचे. त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर पहिल्या झाडात एक खळगा पडला, आत तपकिरी काड्या दिसायला लागल्या. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. पन्नास वर्षं त्यांनी केस कापलेले आणि पुन्हा आलेले पाहिले होते. तासडलेलं डोकं घेऊन गेलेला माणूस पुढच्या खेपेला झुलपं घेऊन येतोच. सलूनवाल्याच्या बायकोला हे कुणी सांगावं लागत नाही. त्यावरच तर घर चाललं होतं.

नर्सरीवाली सहज डोकावली, तेव्हा तो खळगा चांगला डोकं मावेल एवढा झाला होता.

"हे काय केलंत?" ती ओरडलीच.

"कापलंय. येईल की."

"येत नाही, बाई. सांगितलं होतं ना मी, हिरव्याच्या आत कातर नाही. आतल्या काडीला डोळा नसतो. तिथून फुटायचं त्याला माहीतच नाही. हे आता असंच राहणार, जन्मभर." मग तिची नजर काकांकडे गेली. ते कोट घालून दुसऱ्या झाडाचे कल्ले सारखे करत होते. जाताना ती हळूच म्हणाली, "कात्री लपवा. अजून बाकीची शाबूत आहेत."

काकूंनी कात्री पिठाच्या डब्यात लपवली.

काका दोन दिवस खिसे चाचपत फिरले. मग कोट काढून फेकला. "दुकान कुणी बंद केलं?" ते विचारायचे, काकूंना, भिंतीला, मोरीला. "माणसं बसलीत बाहेर. दुकान कुणी बंद केलं?" जेवण थांबलं. झोप गेली. एका संध्याकाळी ते काकूंचे दोन्ही हात धरून रडायला लागले, लहान मुलासारखं नव्हे, म्हाताऱ्या माणसासारखं, आवाज न करता. "बाई, तुम्ही इथल्याच ना? मालकांना सांगा. माझ्या हाताला काम द्या म्हणावं."

काकू परसात गेल्या. ओळ उभी होती, एका खळग्याची, बाकी गच्च. तिच्यामागे त्यांचा नवरा सुरक्षित होता; तसाच सुरक्षित, जशी ती मुळं कुंडीत होती. ओळ गेली तर आडोसा गेला. आडोसा गेला की मुलाला घातलेली अट लागू. अट त्यांनी स्वतःच्या तोंडानं घातली होती. आत येऊन त्यांनी डबा उघडला, कात्रीचं पीठ पदरानं पुसलं आणि ती काकांच्या हातात दिली.

"दुकान उघडलंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी जमेल तेवढं लांबवलं. खुर्ची रोज एक झाड पुढे सरकवायच्या, म्हणजे प्रत्येकाला चार दिवस विश्रांती मिळावी. कात्री बोथट केली, तर काका धुण्याच्या दगडावर धार लावत बसले. खळगे पडत गेले, एकाशेजारी एक, सगळे एकाच उंचीचे, जणू ओळीनं माणसं उभी आहेत आणि कुणालाच चेहरा नाही. वर शेंडे हिरवेगार, खाली पाय हिरवे, मधे उजेड. त्या उजेडातून पहिल्या मजल्यावरच्या बाईला कोट घातलेले काका दिसायला लागले.

"काकू," ती एकदा वरूनच म्हणाली, "मस्त तंद्री लागलीय काकांची."

"गर्दी आहे आज," काकू म्हणाल्या.

तो हंगाम चांगला गेला. काकूंच्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो धरावा लागेल. काका गिऱ्हाइकांशी बोलायचे. पाण्याची टंचाई, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या डोक्यात कोंडा. काकू चादरी पिळता पिळता ऐकायच्या. एकदा ते एका सुरूला म्हणाले, "बायको माझी फार खमकी. चादरी धुते, पण डाग राहू देत नाही." काकूंनी तोंडाला पदर लावला.

ओळ संपली. शेवटच्या झाडाला टॉवेलनं झटकून काकांनी मागे वळून पाहिलं. कुणी बसलेलं नव्हतं. ते पुन्हा पहिल्या झाडाकडे गेले, आत हात घातला, काड्या चाचपल्या. "याला टक्कल पडलं," ते म्हणाले. दुसऱ्याकडे गेले. "यालाही." मग कात्री खुर्चीवर ठेवली, हात धुतले, आणि त्यानंतर कात्री दाखवली तरी ती काय आहे हे त्यांना ओळखता आलं नाही.

काही दिवसांनी, भर दुपारी, त्यांनी कोट काढला आणि बाकीचंही. काकू धावल्या, पण ओळीतून आरपार दिसत होतं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या मजल्यावरची बाई आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. ते दार लागल्याचा आवाज टाळ्यांपेक्षा मोठा होता.

फोन काकूंनीच केला.

मुलगा गाडी घेऊन आला. ओळीकडे पाहून म्हणाला, "आई, अजून एकदा लावू या का झाडं? मी मदत करतो."

"त्यांना तेवढा वेळ नाही," काकू म्हणाल्या. "आणि मला तेवढं बळ नाही."

त्यांनी काकांना कोट घातला. मुलगा म्हणाला, तिथं कपडे तिथलेच घालतात. "तिथपर्यंत तरी असू दे," त्या म्हणाल्या आणि कॉलर सरळ केली.

पहिल्यांदा भेटायला गेल्या तेव्हा तिथल्या बाईनं त्यांना एका मोठ्या खोलीत नेलं. खिडक्या उंच, भिंती फिक्या निळ्या, खुर्च्या ओळीनं. "काका फार शांत आहेत हं," ती कौतुकानं म्हणाली. "आम्हाला जरासुद्धा त्रास नाही."

काका कडेच्या खुर्चीत होते. हात मांडीवर, एकावर एक. काकू समोर बसल्या तेव्हा त्यांनी पाहिलं आणि पुन्हा खिडकीकडे पाहिलं. सगळ्यांची डोकी सारखीच होती, एकाच मशिननं एकाच दिवशी उतरवलेली. काकांच्या उजव्या कानामागे एक झुपका तसाच राहून गेला होता. मशीन धरणाऱ्याला घाई असावी, किंवा काकांनी मान हलवली असावी.

"छोटी कात्री मिळेल का?" काकूंनी विचारलं.

"कात्री आत ठेवत नाही आम्ही," ती बाई म्हणाली. "आणि तेवढं कोण बघतंय काकू."

काकू उठून काकांच्या मागे उभ्या राहिल्या. जिभेवर बोट ओलं करून त्यांनी तो झुपका कानामागे बसवला. तो पुन्हा उभा राहिला. त्यांनी पुन्हा बसवला, आणि भेटीची वेळ संपल्याचं कुणी येऊन सांगेपर्यंत त्यावर तळवा दाबून उभ्या राहिल्या.